भाड्याच्या कप्प्यातला बिनवाग

पहाटे साडेतीनला दिनाओनचा दिवस सुरू व्हायचा. कोंबडा तिच्यानंतर उठायचा. चुलीवर रताळी चढवायची, डुकरांपुढे आदल्या दिवसाच्या साली टाकायच्या आणि रताळी शिजेपर्यंत चुंबळ वळत बसायचं. चुंबळीच्या बाबतीत ती कुणाचं ऐकायची नाही. रोज नव्यानं वळायची. कालची चुंबळ आज डोक्यावर बसत नाही म्हणायची. उजाडायच्या आत ती खाली, रस्ता संपतो त्या वळणावर पोचलेली असायची.

तिथून आमचं गाव दीड तासाच्या चढावर आहे. रस्ता वर येत नाही. मध्ये सगळी भातखाचरं, डोंगरभर एकावर एक, आणि चालायचं ते त्यांच्या बांधांवरून. बांध पाऊलभर रुंद. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खालच्या खाचरापर्यंत दोन पुरुष उंचीची दगडी भिंत. या बांधांवरून दिनाओननं सिमेंट, वाळू, पत्रे, एकदा शाळेचा फळा आणि एकदा पाद्र्याचं कपाट डोक्यावर घेऊन वर आणलं.

मी बांध रचणारा. दगडावर दगड, मागे माती, सिमेंट नाही. आयुष्य त्यात गेलं, गुडघेही त्यातच गेले. त्यामुळे ओझं कोण कसं वाहतं याकडे माझं लक्ष जातं. उचलताना सगळेच नीट उचलतात. उतरवताना माणूस कळतो. थकलेला माणूस ओझं टाकतो. दिनाओन टाकायची नाही. आधी गुडघे वाकवायची, मग कंबर, मग दोन्ही हातांनी गोणी धरून जमिनीवर ठेवायची. आवाज यायचा नाही.

शाळेच्या बांधकामावरचा मुकादम खालच्या मुलखातला होता. त्यानं बायकांना पाऊण मजुरी ठरवली.

"बाई म्हणजे पाऊण माणूस," तो म्हणाला.

"मग गोणीतलं पाव सिमेंट काढून ठेव," दिनाओन म्हणाली. "उरलेलं नेते."

रांगेतले पुरुष हसले. मुकादम हसला नाही. पण त्या दिवसापासून तिला पुरी मजुरी मिळाली. तिला एकटीलाच. त्यावरून बाकीच्या बायका बरेच दिवस तिच्याशी बोलत नव्हत्या. तिनं तेही सोसलं. पैसे तिला हवेच होते, आणि कशासाठी हवेत ते गावाला ठाऊक होतं. तिला भावाला घरी आणायचं होतं.

भाऊ म्हणजे बिनवाग. धाकटा. आईबाप लवकर गेले, त्याला तिनंच मोठं केलं. तिचं लग्न झालं होतं, पण मूल झालं नाही तेव्हा नवरा वेगळा झाला. आमच्यात होतं तसं, भांडण न करता. मग घरात ही दोघंच. बिनवाग आळशी होता. मेलेल्याबद्दल असं बोलू नये, पण तो जिवंत असतानाही मी त्याच्या तोंडावर हेच बोलायचो. मी त्याला हाताखाली घेतलं होतं. दोन दगड आणायचा आणि तिसऱ्यावर बसायचा. "लुनागदादा," म्हणायचा, "तुझ्या भिंतीला घाई आहे का? हजार वर्षं उभी राहायचीय ना तिला?" एक दिवस म्हणाला, मी खाली मैदानात चाललो, तिकडं काम सपाटीवर असतं.

सपाटीवरच मेला. कालव्याची चर खणत होते. माती ओली, कड उभीच्या उभी कापलेली, कुठं आधार नाही. असल्या चरीत मी कुत्रं उतरू देणार नाही. कड त्याच्यावर बसली.

त्याच आठवड्यात वादळ आलं आणि डोंगरातला रस्ता जागोजागी तुटला. बातमी पायी आली. ती पोचली तोवर ठेकेदारानं बिनवागला तिथल्या गावच्या दफनभूमीत ठेवून टाकलं होतं. तिकडं जमीन कमी आणि मेलेले फार. भिंतीत सिमेंटचे कप्पे करतात, एकावर एक, आणि त्यात माणूस सरकवून तोंड लिंपतात. कप्पा पाच वर्षांच्या भाड्यानं मिळतो. ठेकेदारानं भाडं भरलं होतं. त्याच्या मते त्याचं काम संपलं.

आमच्यात माणूस मेला की काम संपत नाही. काही वर्षं जाऊ द्यायची, मग थडगं उघडायचं, हाडं काढायची, हातानं पुसून स्वच्छ करायची, नव्या विणलेल्या चादरीत गुंडाळून घरी आणायची. डुक्कर कापायचं, गाव जेवू घालायचं. मुंबाकी म्हणजे आमचा मंत्र म्हणणारा. तो मेलेल्याच्या बापाचं, आज्याचं, त्याच्याही वरच्या सगळ्यांचं नाव घेऊन त्यांना जेवायला बोलावतो. मग हाडं पुन्हा घराण्याच्या थडग्यात. याला बोग्वा म्हणतात. ज्याचा बोग्वा झाला नाही तो थंडीत उघडा बसलेला असतो. घरच्यांच्या स्वप्नात येतो. दिनाओनच्या स्वप्नात बिनवाग यायचा. बोलायचा काही नाही. ओल्या मातीचे हात पुढं करायचा.

तिनं पाच वर्षांचा हिशेब धरला. तेवढ्यात चादर विणून घ्यायची आणि दोन डुकरं मोठी करायची. सगळं तयार झाल्याशिवाय कप्प्यापाशी पाऊल टाकायचं नाही. मेलेल्याला तोंड दाखवून रिकामं परत आलं तर तो मागोमाग येतो, भुकेला. म्हणून ती एकदाही खाली गेली नाही. चादर झाली. डुकरंही वाढली. मग पाचव्या वर्षी साथ आली आणि दोन्ही डुकरं दोन दिवसांत गेली.

त्याच सुमाराला तिचा चुलतभाऊ हुमिदिंग मैदानातून आला. तो तिकडं भाताच्या कापणीला जायचा. दफनभूमीच्या राखणदारानं त्याच्याजवळ निरोप दिला होता: मुदत संपत आली, पुढचं भाडं भरा, नाहीतर कप्पा मोकळा करावा लागेल.

भाड्याएवढे पैसे दिनाओनपाशी होते. नवी डुकरं घेण्यासाठी तिनं ते बाजूला ठेवले होते. ती मुंबाकीकडं गेली. मुंबाकी म्हणजे पुगुऑन आजोबा. आम्ही सगळे त्यांना आपू म्हणायचो. आमची घरं उंच खांबांवर असतात. ते घराखाली बसून सुपारी कातरत होते, मी त्यांच्या ओट्याचा दगड बसवत होतो.

"आपू, भाडं भरून टाकू का?"

"कोणाला विचारून?"

"तुम्हाला विचारतेय."

"त्याला विचार. मेलेल्याला काय वाटेल, ते बघ." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "भाऊ तिथं वाट बघतोय. आणि बहीण काय करते? भाडं भरते. म्हणजे काय म्हणते? राहा बाबा तिथंच. परक्यांत राहा."

"मग आत्ताच आणू?"

"आण की. आल्यावर काय वाढशील? रताळी? त्याच्या आज्यापणज्यांना मी हाका मारायच्या आणि तू त्यांच्यापुढं रताळी ठेवायचीस? मला तोंड लपवायला लावशील."

दिनाओन उठली. मग म्हणाली, "भाडं नाही भरत. त्याला पाहुणा नाही करत मी."

तिनं त्या पैशात डुकराची दोन पिल्लं घेतली. गावात कुणालाच यात चूक दिसली नाही. भाडं भरणं म्हणजे भावाला नको म्हणणं, हे लहान पोरालाही कळत होतं. एक वर्षाचा तर प्रश्न होता, तेवढ्यात कोण हाडं हलवतंय असंच सगळ्यांना वाटलं. त्या वर्षी तिनं दिवसाला तीन खेपा केल्या. तीन खेपा मी चांगल्या दणकट गड्यालाही रोज करू देणार नाही. संध्याकाळी तिची मान वळायची नाही. कुणी हाक मारली तर ती सगळं अंग वळवून बघायची.

डुकरं तयार झाली तेव्हा आम्ही दोघं खाली गेलो. हाडं उचलायला बरोबर पुरुष लागतो, आणि हुमिदिंगचं पोर आजारी होतं, म्हणून मी. तिनं चादर नव्या टोपलीत घातली होती.

कप्प्याचं तोंड ताजं लिंपलेलं होतं. चुना वाळायचा होता. वर दुसऱ्याच कुणाचं नाव.

राखणदाराचं नाव मेलचोर. पलीकडच्या रांगेला पांढरा रंग देत होता. आम्हाला बघून ब्रश डब्यात ठेवला.

"वरचे लोक ना तुम्ही? बिनवागचे? अरे देवा." त्यानं हात पुसले. तिकडं थोरल्या बहिणीला मनांग म्हणतात. "मनांग, मी निरोप धाडला होता."

"मिळाला," दिनाओन म्हणाली.

"मग? पाच वर्षं मी नोव्हेंबर महिना बघितला. मेलेल्यांच्या दिवशी इथं पाय ठेवायला जागा नसते. तुमच्या कप्प्याला कधी एक मेणबत्ती नाही. आमच्यात ज्याला कुणी मेणबत्ती लावत नाही, त्याचं कुणी नाही असंच धरतात."

"आमच्यात मेणबत्ती लावत नाहीत. डुक्कर कापतात."

"मला कसं कळणार ते?"

"तुला नाही कळणार," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "कुठं ठेवलाय त्याला?"

मेलचोर आम्हाला मागच्या भिंतीपाशी घेऊन गेला. पत्र्याच्या छपराखाली खताच्या गोण्या एकमेकींना टेकवून ठेवल्या होत्या. त्यानं त्यातली एक ओढून पुढं घेतली.

"ही. ती रांग मीच मोकळी केली, दुसऱ्या गोणीत गेलेला नाही तो. पण मनांग, त्या दिवशी चार कप्पे मोकळे केले. चौघांचंही कुणी नव्हतं. चौघं एकाच गोणीत आहेत."

"एकाच का?"

"गोण्या विकत आणाव्या लागतात."

तिनं टोपलीवरचं फडकं जमिनीवर पसरलं आणि आम्ही गोणी त्यावर हळूहळू रिकामी केली. चार डोकी. बाकी सगळं मिसळलेलं. दिनाओननं एकेक डोकं हातात घेतलं, फिरवून बघितलं, खाली ठेवलं. मग पुन्हा पहिल्यापासून. बिनवाग सुपारी खायचा. चारांपैकी तिघांचे दात सुपारीनं लाल होते आणि चौथ्याचे पडलेले. बिनवाग उंच होता. मांडीची लांब हाडं मी शेजारी शेजारी लावून बघितली. त्यातल्या सगळ्यात लांब दोन जोड्या सारख्याच निघाल्या.

"बाकीचे कोण होते?" तिनं विचारलं.

"कामावर आलेलेच," मेलचोर म्हणाला. "एक ऊसतोडीचा. एक भाताच्या गिरणीतला. चौथ्याचं नाही आठवत."

"गावं कुठली?"

"कुणी विचारलं नाही, मनांग."

ती बराच वेळ तशीच उकिडवी बसून राहिली. हात मांडीवर. तिला लहानपणापासून ओळखतो मी. रडताना कधी बघितली नव्हती, तेव्हाही नाही रडली. मग तिनं हाडं परत गोणीत भरायला घेतली. एकेक, खालच्याला वरचं लागू नये अशी. सगळी.

"चौघांना नेणार?" मेलचोरनं विचारलं.

"तू वेगळा काढून देतोस का माझा भाऊ?"

जाताना मेलचोर फाटकापर्यंत आला आणि गोणीचं तोंड बांधायला स्वतःच्या बुटाची नाडी काढून दिली. "कुणी विचारत आलं तर सांगेन," म्हणाला, "डोंगरात गेले म्हणून."

परतीच्या जीपनीच्या, म्हणजे प्रवासी जीपच्या, ड्रायव्हरनं गोणी टपावर चढवायला घेतली आणि थांबला.

"काय आहे यात?"

"म्हशीची शिंगं," मी म्हणालो.

त्यानं गोणी जराशी हलवली, आवाज ऐकला, माझ्याकडं बघितलं. "शिंगांना दुप्पट भाडं पडेल, आजोबा. आणि टपावर नाही, मांडीवर घ्या. माझ्या गाडीतून शिंगं पडली तर मला झोप लागायची नाही."

दिनाओननं गोणी मांडीवर घेतली. मेलेल्याला घरी नेताना पुलापाशी हाक मारावी लागते. हाडं पूल ओलांडतात, पण जीव पाण्याला बिचकतो, अलीकडंच थांबतो. पहिला पूल आला तशी ती बाहेर वाकून मोठ्यानं म्हणाली, "बिनवाग, ये. पूल आहे."

गाडीतलं बोलणं थांबलं. समोरच्या म्हातारीनं कोंबड्यांची करंडी आपल्या पलीकडं सरकवली.

दिनाओन जरा थांबली. मग पुन्हा वाकली. "आणि त्याच्याबरोबरचे तुम्हीपण. या. पूल आहे."

"त्यांना कशाला बोलावतेस?" मी हळूच म्हणालो.

"त्यांची हाडं माझ्या मांडीवर आणि जीव नदीपलीकडं, असं कसं करू?"

प्रत्येक पुलावर तिनं दोनदा हाक मारली. वळणापाशी उतरल्यावर मी गोणी घ्यायला हात पुढं केला. तिनं दिली नाही. चुंबळ डोक्यावर ठेवली आणि गोणी चढवली. चार माणसं, पण सिमेंटच्या गोणीच्या निम्म्यानंही वजन नव्हतं. तरी त्या दिवशी ती बांधावरून नेहमीपेक्षा सावकाश चालली.

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. तिच्या घराखाली माणसं जमली होती. गोणी तिनं खांबांमध्ये चटईवर ठेवली. हुमिदिंग पुढं आला. घराण्याच्या थडग्यावर त्याचा शब्द चालायचा, घरातला तो थोरला.

"चार आहेत म्हणे."

"चार."

"दिनाओन, आत माझे आईबाप आहेत. तुझेही आहेत. त्यांच्या उशाशी ऊसतोड्या ठेवणार तू?"

"त्यातला एक तुझा भाऊ आहे."

"कुठला? दाखव. तू बोट ठेव, मी आत्ता उचलून आत नेऊन ठेवतो. सगळं गाव साक्षीला आहे."

तिनं बोट ठेवलं नाही.

"बघ," हुमिदिंग म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. चार रात्री त्याचं पोर तापानं फणफणत होतं. "एकाला जेवायला घालायचं आणि तिघांनी बघत बसायचं. ते भुकेले काय करतील? कुणाचं काय उचलून नेतील? तुला पोर नाही, तुला काय कळणार?"

हे त्यानं बोलायला नको होतं. बायकांतली एक "हुमिदिंग!" म्हणून ओरडली.

मग पुगुऑन आपू बोलले. त्यांचाही इलाज चालत नव्हता, पण त्यांना काम उरकायचं होतं. "पोरी, ऐक. यातलं कुठलंही एक डोकं उचल. बिनवाग म्हण. मी नावं घेतो. बाकीची लुनाग खाली पोचवून येईल. तू म्हटलंस की झालं."

"आणि चुकलं तर, आपू?"

"चुकलं तर कुणाला कळणार?"

"बिनवागला कळेल. गोणीत बसून बघेल तो, त्याचं डुक्कर दुसराच खातोय. आणि मग त्याला परत खाली पाठवायचं? मीच?"

आपू म्हणाले, "मग मी काय करू सांग. मी नावानं बोलावतो. तुझ्या घरातली मला पार वरपर्यंत पाठ आहेत. या तिघांचा बाप कोण? नाव नाही, तर हाक कुणाला मारू? वाऱ्याला?"

"चौघांवरही आमचीच नावं घ्या."

"काय?"

"प्रत्येकाला बिनवाग समजा. चारदा म्हणा. एकदा तरी तो त्यात असेलच."

कुणीतरी हसलं, पण ते हसू लगेच विरलं. आपूंनी चघळलेली सुपारी थुंकली. शेवटी म्हणाले, "चार कोंबड्या लागतील. आणि घसा माझा आहे, तुझा नाही." हुमिदिंग निघून गेला. जाता जाता एवढंच म्हणाला, "घरात काय करायचं ते कर. थडगं उघडणार नाही."

चादर एकच होती. दुसऱ्या दिवशी तिनं एक डुक्कर विकलं आणि पैसे घेऊन घरोघर फिरली. आमच्यातली म्हातारी माणसं आपली चादर जिवंतपणीच विणवून ठेवतात. तीच ती मागत होती. बऱ्याच घरांतून नाही म्हणाले. ज्यांनी दिल्या त्यांनी जुन्या, कसर लागलेल्या दिल्या. एका म्हातारीनं तेवढी चांगली काढून दिली. "घे," म्हणाली. "मी काही एवढ्यात मरत नाही. सुनेची तशी इच्छा आहे, म्हणून तर मुद्दाम मरत नाही."

हाडं आम्ही दोघांनी पुसली. या कामात घाई चालत नाही. फडकं ओलं करायचं, पिळायचं, माती निघेपर्यंत पुसायचं, सावलीत वाळवायचं. मग लावायला बसलो. लांब हाडं जोडीनं लागली. फासळ्या लागेनात. बोटांची हाडं तर कुणाची कुणाला. पाठीचे मणके मी रुंदीप्रमाणे लावत गेलो, जसे दगड लावतो तसे, मोठा खाली. तीन कणे पुरे झाले, चौथ्याला कमी पडले. दिनाओननं ते बघितलं. एका कण्यातले दोन मणके काढून तिनं चौथ्यात घातले.

"असं नाही चालत," मी म्हणालो.

"चौघंही थोडे थोडे चौघांत आहेतच," ती म्हणाली. "कमी कुणाला नको."

चार गाठोडी झाली. आपूंनी एकेका गाठोड्यापुढं बसून दिनाओनच्या घराण्यातली सगळी नावं घेतली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, चारदा. तिसऱ्या वेळी आवाज बसला, दारूचा घोट घेऊन पुढं म्हणाले. एकही नाव गाळलं नाही, मी लक्ष देऊन ऐकत होतो. उठताना माझा हात धरून म्हणाले, "तिघांना फुकट आजोबा मिळाले रे. माझ्या बापानं बघितलं असतं तर मला डोंगरावरून ढकललं असतं."

डुक्कर एकच उरलं होतं. गाव मोठं, वाटे पातळ झाले. निम्मी घरं आलीच नाहीत. न आलेल्यांचा वाटा घरी पोचवायचा असतो, तो मी पोचवला. हुमिदिंगनं मांस हातात घेतलं, उंबऱ्यावर ठेवलं आणि त्यावर कुत्रं आलं तरी हाकललं नाही. आमच्यात मांसाचा वाटा असा टाकत नाहीत. भांडणातही नाही.

त्याच्या पोराचा ताप पुढच्या आठवड्यात उतरला. थडगं तरीही उघडलं नाही.

गाठोडी दिनाओनच्या घराखाली टांगलेली राहिली. आमच्याकडं तशी ठेवतात, पण थोडे दिवस. तिची राहिली वर्षाच्या वर. लोक त्या बाजूनं जाईनात. तिच्याबरोबर ओझी वाहणाऱ्या बायकाही वळणापाशी तिच्यापासून अंतर ठेवून बसायला लागल्या. पहाटे ती शिडी उतरून खाली यायची, गाठोड्यांना पाऊस लागला नाही ना ते हातानं चाचपायची आणि कामावर जायची. बिनवाग स्वप्नात यायचा थांबला का, असं मी तिला एकदा विचारलं. "आता चौघं येतात," ती म्हणाली. "चौघंही बोलत नाहीत."

एका संध्याकाळी ती माझ्याकडं आली. तिच्या वाट्याचा ओढ्याकाठचा एक खडकाळ उतार होता, रताळीसुद्धा नीट यायची नाहीत असा.

"तिथं थडगं खणशील का? दगड लावून?"

"खणतो. पैसे राहू दे."

"पैसे देणार आहे. फुकटच्या घरात तो पुन्हा परकाच. एकदा राहून झालंय त्याचं दुसऱ्याच्या पैशात."

"चौघांचं ना? मग फार खोल नको."

"पाच जणांचं कर," ती म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. ती उताराकडं बघत होती.

खडक वाईट होता. पहार उसळायची. आत वाकून खणायचं, माती टोपलीनं बाहेर ओढायची. ते माझं शेवटचं मोठं काम. त्यानंतर गुडघ्यांनी काम दिलं नाही. तोंडाला मी ओढ्यातले दगड रचले, प्रत्येकाचा तळ बघून. काम झालं तेव्हा दिनाओन आली आणि सगळ्या दगडांवरून तळवा फिरवत गेली. डाव्या हाताला खालून दुसरा दगड तिनं दाबला. तो हलला.

"हा हलतो."

"नखाएवढा."

"हलतो."

मी वरचे पाच दगड उतरवून तो पुन्हा बसवला. ती उभी राहून बघत होती. मग तिनं गाठोडी एकेक करून आणली, डोक्यावरून, चार खेपांत. आत मी घेतली. एका बाजूला जागा मोकळी सोडली. मी दगड लावून तोंड बंद केलं. तिनं मजुरी माझ्या हातावर ठेवली. दिवसाच्या हिशेबानं, जेवणाचे तास न कापता.

तीन पावसाळे गेल्यावर ती बांधावरून पडली. मान आधीच गेलेली होती. गोणी फुटली नव्हती, तिच्याशेजारी खाचराच्या कडेला बसल्यासारखी होती. प्रेताला हुमिदिंग आला. थकल्यासारखा दिसत होता. रडला. घराण्याच्या थडग्यात तिच्यासाठी जागा आहे, तिथं आईबापांजवळ ठेवू, असं तो सगळ्यांदेखत म्हणाला.

मी म्हणालो, तिच्या जागेचे पैसे तिनं भरले आहेत, मीच घेतले आहेत. मग दोघा पोरांना घेऊन मी ओढ्याकाठी गेलो आणि दगड काढायला लावले.